फोन स्वतःहून रिस्टार्ट होतो, त्यामागचं डोकं डेनिस रिचीचं सुद्धा आहे

मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड उतरली की खांब येतं. समजा तिथं चहाचे पैसे द्यायला तुम्ही फोन काढला आणि स्क्रीन एकदम काळी झाली. कंपनीचा लोगो आला, फोन परत चालू झाला. आपण शिव्या बॅटरीला देतो. पण कधीकधी गडबड खूप आत, कर्नलमध्ये झालेली असते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठल्या ॲपला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, हे सगळं तो ठरवतो. ॲप बिघडलं तर ॲप बंद पडतं. कर्नल बिघडला तर सगळंच बसतं. अशा वेळी कर्नल स्वतःहून हात वर करतो, त्याला म्हणतात पॅनिक. ही पद्धत रुळली ती युनिक्समध्ये, आणि युनिक्स घडवणाऱ्या जोडीतला एक होता डेनिस रिची.

रिचीचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. पोरगा हार्वर्डला फिजिक्स शिकला, पुढं पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण बांधलेली प्रत लायब्ररीत जमाच केली नाही. त्यामुळं डिग्री काही मिळाली नाही. १९६७ मध्ये तोही बेल लॅब्सला लागला.

तिथं मल्टिक्स नावाच्या अवाढव्य सिस्टीमवर काम चालू होतं. १९६९ मध्ये बेल लॅब्सनं त्यातून अंग काढलं. मग केन थॉम्पसननं एका जुन्या मशीनवर छोटीशी सिस्टीम लिहायला घेतली आणि रिची सोबतीला आला. तेच युनिक्स.

१९७० ला त्यांच्याकडं पीडीपी-११ आलं. मेमरी फक्त २४ केबी. त्यातली १६ केबी सिस्टीमलाच लागायची. आता गंमत अशी की या मशीनवर पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर अर्ज टाइप करत बसायच्या आणि त्याच मशीनवर रिची-थॉम्पसन आपले नवे प्रोग्रॅम तपासायचे. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या मेमरीत घुसू नये म्हणून लागणारं संरक्षण मशीनमध्ये नव्हतंच. एक चूक झाली की अख्खी सिस्टीम आडवी. म्हणजे प्रयोग यांचा आणि टांगणीला मेहनत त्या टायपिस्टची. प्रत्येक चाचणीला जपून वागावं लागे आणि छातीही लागे.

मल्टिक्सवाल्यांनी चुकीतून सावरण्यासाठी ढीगभर कोड लिहिला होता. त्यांच्यातल्या टॉम व्हॅन व्लेकनं सांगितलेला किस्सा आहे. युनिक्समध्ये हे सगळं कसं करता, असं त्यानं रिचीला विचारलं. रिचीचं उत्तर साधं होतं. तो कोड आम्ही गाळलाच. काही बिनसलं तर पॅनिक नावाचं फंक्शन चालतं, मशीन बंद पडतं, आणि बाहेर ओरडून सांगायचं की परत चालू करा.

ऐकायला हे आळशीपणाचं वाटतं. पण चुकलेल्या आकड्यांवर कर्नल पुढं चालत राहिला तर तो डिस्कवरच्या चांगल्या फायलींचंही वाटोळं करू शकतो. शिवाय जागच्या जागी थांबलं की पुरावा शाबूत राहतो. तेव्हा मेमरी चुंबकीय कड्यांची असायची, तिला कोअर म्हणत. क्रॅश झाल्यावर ती जशीच्या तशी टेपवर उतरवून घ्यायची आणि नंतर निवांत चूक शोधायची. याला कोअर डम्प म्हणतात, आणि शब्द आजही तोच आहे.

याच काळात रिचीनं सी भाषा तयार केली. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. आपल्याकडं नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' वर जी भाषा इंजिनिअरिंगची पोरं घोकतात, ती हीच. सी वेगवान, पण प्रोग्रॅमरवर डोळे झाकून विश्वास टाकणारी. पत्ता चुकला तरी ती अडवत नाही. त्यामुळं कर्नलमधल्या कितीतरी क्रॅशचं मूळही सीच्या याच स्वभावात आहे.

ॲन्ड्रॉइडच्या पोटात असलेल्या लिनक्सचा कर्नल आजही बहुतांश सीमध्येच आहे. नवी आवृत्ती यायच्या आधी काही आठवडे चाचणीच्या आवृत्त्या निघतात आणि जगभरचे लोक त्या मुद्दाम आपल्या मशीनवर चालवतात. कालपर्यंत चालणारं आज पडलं, तर मधल्या बदलांचे दोन भाग करायचे, मधली आवृत्ती तपासायची, दोषी अर्धा पुन्हा अर्धा करायचा. दहा हजार बदलांतला गुन्हेगार असा साधारण चौदा फेऱ्यांत सापडतो.

रिचीला थॉम्पसनसोबत १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यावर आठवड्याभरात, न्यू जर्सीतल्या घरी एकटाच राहणारा रिची मृतावस्थेत सापडला. जॉब्सच्या बातम्यांत त्याची बातमी फारशी कुणाला दिसलीच नाही. खरंतर आयफोनची सिस्टीमही युनिक्सच्याच घराण्यातली.

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ आलं आणि मेमरीच्या चुका आधीच पकडणाऱ्या रस्ट भाषेला कर्नलमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली. पॅनिक नावाचं फंक्शन मात्र अजून तिथंच आहे.