नानाभाई मूस : सुईची राखण करणारा शास्त्रज्ञ

तुम्ही होकायंत्र पाहिले असेलच. उर्दूत आपण त्याला कुतुबनुमा म्हणतो. प्रवासात किब्ल्याची दिशा समजावी म्हणून काही लोक ते जवळ बाळगतात. त्याची सुई थोडी थरथरते आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबते. कारण आपली पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. चुंबक म्हणजे उर्दूतला मकनातीस. पण सुईजवळ लोखंडाचा तुकडा आणला, तर ती लगेच आपली दिशा बदलते. अशा नाजूक सुईची आयुष्यभर राखण करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. परत आल्यावर, १८९६ साली, ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. हे पद सांभाळणारे पहिले भारतीय म्हणून ते ओळखले जातात.

या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तरुणपणी येथे काम केले होते. सुरुवातीला माणसे दिवसरात्र जागून दर तासाला आकडे टिपून ठेवत. पुढे कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे आली. नानाभाईंच्या हाती आला तो असा पन्नास वर्षांचा ठेवा.

त्याच सुमारास मुंबईत एक नवा विचार सुरू झाला. तेव्हा शहरात घोडे ट्राम ओढत असत. त्याऐवजी विजेवर ट्राम चालवावी असे ठरू लागले. लोकांची सोय होणार होती आणि घोड्यांचे हाल थांबणार होते. मग नानाभाईंना काळजी का वाटावी?

१८२० साली अर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसले होते, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ट्रामची वीज रुळांतून परत जाताना थोडी जमिनीतही पसरते. ट्राम सुटली, थांबली, की हा प्रवाह कमीजास्त होतो. मग वेधशाळेची सुई पृथ्वीमुळे हलली की ट्राममुळे, हे कसे ओळखायचे? सगळ्या नोंदी निरुपयोगी झाल्या असत्या.

ट्राम अडवून धरावी, तर शहराचे नुकसान. गप्प बसावे, तर पन्नास वर्षांच्या कामावर पाणी पडणार. नानाभाईंनी तिसरा मार्ग काढला. चुंबकीय वेधशाळाच मुंबईबाहेर न्यायची! त्यासाठी सुमारे ३० किलोमीटर दूर, समुद्राच्या पलीकडचे अलिबाग निवडण्यात आले. तेथे लोखंड न वापरता इमारत बांधली. तिच्यासाठी चुंबकाचा परिणाम न होणारा पोरबंदरचा दगड आणला.

पण सामान उचलून नेले आणि काम सुरू केले, असे त्यांनी केले नाही. दुकानदार जुना तराजू बदलून नवा आणतो, तेव्हा एकच पोते दोन्हींवर तोलून पाहतो. नानाभाईंनी तसेच केले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली. त्यामुळे जुने आणि नवे आकडे जोडता आले आणि नोंदींची साखळी तुटली नाही. त्यानंतर, १९०७ साली, मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० साली नानाभाईंनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केल्या. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

तुम्ही विचाराल, या आकड्यांचा उपयोग काय? १८३१ साली फॅरडे या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर तारेत वीज निर्माण होते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. जळकोटच्या शिवारात विहिरीवरची मोटार ज्या विजेवर चालते, त्यातली बहुतेक वीज याच तत्त्वावर तयार होते. मात्र हेच तत्त्व कधी संकटही आणते. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलते आणि लांबलांब तारांमध्ये नको असलेली वीज वाहू लागते. १३ मार्च १९८९ रोजी अशाच चुंबकीय वादळामुळे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती.

त्याहूनही मोठे वादळ सप्टेंबर १८५९ मध्ये, नानाभाईंच्या जन्माच्याच वर्षी, येऊन गेले होते. कुलाब्यातील कुणी कर्मचाऱ्यांनी ते इमानाने टिपून ठेवले. त्या दिवशी क्षेत्राची तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटली होती. एरवी शांत दिवसात हा फरक शंभराच्या आतच असतो. २००३ साली शास्त्रज्ञांनी हीच नोंद वापरून त्या वादळाचा अभ्यास केला. एवढे मोठे वादळ आले तर वीजवाहिन्या कशा वाचवाव्यात, याचा विचार करताना आजही तिचा आधार घेतला जातो.

अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे. मुंबईची ट्राम मात्र १९६४ साली बंद झाली. पुढच्या वेळी होकायंत्र हातात घ्याल, तेव्हा सुई स्थिर होईपर्यंत थोडा धीर धरा. नानाभाईंनी तो तेवीस वर्षे धरला होता.