रॉजर शर्मन : जोडे शिवणारा राज्यकर्ता

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला म्हणजे वॉशिंग्टन, फ्रँक्लिन व जेफरसन हीं नांवें आमच्या वाचकांच्या तोंडीं येतात. परंतु त्यांच्याच बरोबरीनें बसून ज्यानें त्या राष्ट्राचा पाया घातला, त्या रॉजर शर्मनचें नांव आमच्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. यास्तव त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

रॉजरचा जन्म ता. १९ एप्रिल १७२१ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील न्यूटन गांवीं झाला. बाप शेती करी व जोडे शिवी. मुलानेंही तोच धंदा उचलला. शाळा त्यास थोडीच लाभली, मात्र वाचनाची गोडी फार. काम करितांना तो पुस्तक समोर उघडें ठेवी, असें सांगतात. १७४१ सालीं बाप वारला व घरचा भार त्याच्यावर पडला. १७४३ सालीं तें कुटुंब कनेक्टिकट प्रांतांतील न्यू मिलफर्ड येथें राहावयास गेलें. रॉजर आपलीं हत्यारें पाठीवर घेऊन पायीं गेला, अशी आख्यायिका आहे.

गणित तो स्वतःच शिकला होता. त्यामुळें १७४५ सालीं त्यास जमिनी मोजण्याचें सरकारी काम मिळालें. पुढें कांहीं वर्षें तो पंचांगें रचून छापवीत असे. कायद्याचाही अभ्यास त्यानें घरींच केला, व १७५४ सालीं त्यास वकिलीची सनद मिळाली. कॉलेजांत कधीं न शिकलेला हा मनुष्य येल कॉलेजचा खजिनदार झाला, आणि १७६६ पासून तेवीस वर्षें वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश होता.

१७७४ सालीं तो वसाहतींच्या काँग्रेसचा सभासद झाला. १७७६ सालीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करण्यास नेमलेल्या पांच जणांत तो एक होता. १७७४ चा व्यापारबंदीचा करार, जाहीरनामा, राज्यसंघाचे नियम व १७८७ ची राज्यघटना, ह्या चारहींवर सही करणारा पुरुष तो एकटाच.

त्याची खरी कसोटी १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथील परिषदेंत लागली. मोठीं संस्थानें लोकसंख्येप्रमाणें प्रतिनिधि मागत. लहान संस्थानें सर्वांस सारखाच अधिकार मागत. परिषद मोडेल कीं काय, असें भय पडलें. तेव्हां सहासष्ट वर्षांच्या शर्मननें सुचविलें कीं, एका सभेंत लोकसंख्येप्रमाणें जागा द्याव्या व दुसरींत प्रत्येक संस्थानास समान मत असावें. ही सूचना प्रथम नामंजूर झाली; परंतु त्यानें धीर सोडला नाहीं. शेवटीं ता. १६ जुलै रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं तशीच तडजोड मान्य झाली.

परंतु चरित्र लिहिणारानें दोष झांकूं नये. गुलामांचा व्यापार शर्मनला नापसंत होता. तरी दक्षिणेकडील संस्थानें फुटून जातील ह्या भयानें त्यानें त्यास तूर्त हात न लावण्याचा सल्ला दिला. घटनेनें १८०८ सालापर्यंत त्या व्यापारावरील बंदी अडवून धरली. ज्यांनीं ह्याची किंमत दिली, त्यांस त्या परिषदेंत जागा नव्हती. मोठें रक्त सांडून १८६५ सालीं ती गुलामगिरी नष्ट झाली. भाकरीची वांटणी करितांना तडजोड करावी. भावाच्या मानेवरील जूं ठेवण्याविषयीं करूं नये.

१७८९ सालीं शर्मन नव्या प्रतिनिधिसभेंत व १७९१ सालीं सेनेटांत गेला. १७८९ सालींच प्रभुभोजनापूर्वीं करावयाच्या आत्मपरीक्षणाविषयीं त्याचें एक लहान प्रवचन छापलें गेलें. ता. २३ जुलै १७९३ रोजीं न्यू हेवन येथें तो वारला.

आमचाही त्या घराशीं एक धागा आहे. त्याची कन्या मेहिटेबल हिचे पति जेरमाया एव्हर्ट्स हे अमेरिकन बोर्डाचे खजिनदार व नंतर चिटणीस होते. त्याच बोर्डानें पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस उतरले.

वाचकहो, जो धंदा आमच्या देशांत लोक हलका मानीत आले, त्याच धंद्यांतील मनुष्य न्यायासनावर बसला. आपल्या मुलांस काम शिकवा, आणि कामाशेजारीं पुस्तकही ठेवा.