गाडीच्या जुन्या चाकावर २४ मेणबत्त्या लागल्या, अन् नाताळचे दिवस मोजायची पद्धत पडली

डिसेंबर लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत लगबग सुरू होते. दारात चांदणी लागते, गोठा मांडला जातो, करंज्यांचे डबे भरतात. आणि घरातली पोरं रोज एकच प्रश्न विचारून भंडावून सोडतात, नाताळला अजून किती दिवस राहिले?

या प्रश्नाला कंटाळून एका माणसाने चक्क एक वस्तू बनवली. त्याचं नाव योहान हिन्रिख विखर्न.

विखर्न यांचा जन्म २१ एप्रिल १८०८ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातला. सात भावंडांमध्ये ते थोरले. १५ वर्षांचे असताना वडील गेले आणि घराचा भार अंगावर आला. शिकवण्या घेऊन त्यांनी घर चालवलं. पुढे धर्मशास्त्र शिकून ते हॅम्बुर्गला परतले आणि गरीब वस्तीतल्या मुलांना रविवारी शिकवू लागले.

तिथे त्यांनी जे पाहिलं ते भयंकर होतं. कोंदट खोल्या, दारू, उपासमार आणि भीक मागणारी, चोऱ्या करणारी मुलं. आठवड्यातून एकदा शिकवून या मुलांचं काही होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मुलांना घर हवं होतं.

अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३३ मध्ये, विखर्न यांनी हॅम्बुर्गजवळच्या हॉर्न गावात 'राउहेस हाउस' उघडलं. आई आणि बहिणीला घेऊन ते स्वतः तिथे राहायला गेले.

त्या काळात अशा मुलांची जागा म्हणजे तुरुंगासारखी सुधारगृहं. विखर्न यांनी उलटं केलं. भिंती नाहीत, कुलपं नाहीत. दहा-बारा मुलांचं एक कुटुंब आणि त्यांच्यासोबत राहणारा एक मोठा 'भाऊ'. मागचं सगळं माफ, पण काम शिकायचं. शेती, सुतारकाम, चपला शिवणं, पुढे छपाईसुद्धा.

आता मूळ गोष्टीवर येऊ. नाताळ जवळ आला की ही मुलं सारखी दिवस विचारायची. १८३९ साली विखर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज संध्याकाळी एक लाल मेणबत्ती लावायची, रविवारी पांढरी. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, त्यामुळे २४ तारखेपर्यंतचा हिशोब बरोबर बसला.

दिलेला शब्द कुणीतरी पाळतं, हे या मुलांनी फारसं अनुभवलं नव्हतं. इथे मात्र रोज एक ज्योत वाढत होती. नाताळ जवळ येतोय, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

विखर्न यांचं काम पुढे वाढत गेलं. १८४८ मध्ये विटेनबर्गच्या सभेत त्यांनी चर्चला गरिबांच्या सेवेसाठी उभं राहायला सांगितलं. प्रशियाच्या तुरुंगांच्या सुधारणेतही त्यांनी काम केलं. ७ एप्रिल १८८१ रोजी त्यांचं निधन झालं. राउहेस हाउस आजही सुरू आहे.

चाकाचं मात्र रूप बदललं. घरात एवढं मोठं चाक मावणार कुठे? हळूहळू २४ च्या ४ मेणबत्त्या झाल्या, भोवती हिरव्या फांद्या आल्या. आज आगमनकाळात जगभरातल्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे चक्र दिसतं, त्याची सुरुवात ही अशी आहे.

घरी करायचं असेल तर खर्चही फारसा नाही. जुन्या परातीत ओली वाळू भरायची. रविवारसाठी ४ मोठ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या रोवायच्या. आगमनकाळ दरवर्षी २२ ते २८ दिवसांचा असतो, त्यामुळे छोट्या मेणबत्त्या कॅलेंडर बघून मोजायच्या. कडेने आंब्याची ताजी पानं लावायची, पण ज्योतीपासून लांब. मेणबत्ती मोठ्यांनी लावायची.

आणि आज कितवी, हे मोजायचं काम पोरांकडे द्यायचं.