लायगोच्या कितीतरी आधी: विष्णु वासुदेव नारळीकर

वर्ध्याहून यवतमाळ, पुसद करत गाडीने निघालात तर त्याच दिवशी औंढा नागनाथला पोचता. हिंगोली जिल्ह्यात तिथेच लायगो-इंडिया उभी राहणार आहे. काटकोनात ४-४ किलोमीटरचे दोन बाहू, आत लेझर. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात लहर उठते आणि बाहूंची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. तेवढं मोजायचं!

पण यामागचं आइनस्टाइनचं गणित आपल्याकडे रुजवलं कुणी? त्यातलं एक मोठं नाव म्हणजे विष्णु वासुदेव नारळीकर, जयंतरावांचे वडील.

जन्म १९०८, कोल्हापूर. मुंबईत शिकून ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्याचा प्रकाश वाकतो हे दाखवणारे एडिंग्टन तेव्हा तिथेच होते. १९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारसला बोलावलं आणि पंचविशीच्या आतच ते गणिताचे विभागप्रमुख झाले.

विषय मात्र त्यांनी धरला तो त्या काळी फारसं कुणी न विचारणारा. हुशार पोरं क्वांटमकडे पळत होती. सापेक्षतेत ना प्रयोग, ना यंत्र. ‘ब्लॅक होल’ हा शब्दसुद्धा रूढ व्हायचा होता.

१९४२ मध्ये गुजरातचे प्रल्हाद वैद्य बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला आले. पगार नाही, साठवलेल्या पैशांवर घर चालायचं. तोवर ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचं गणित बाहेर सगळं रिकामं आहे असं धरून केलं जायचं. पण तारा तर प्रकाश फेकतो, म्हणजे वस्तुमान घटत जाणार. हा प्रश्न नारळीकरांकडे काम करताना वैद्यांनी सोडवला, १९४३ मध्ये तो छापूनही आला. आज घटत्या-वाढत्या कृष्णविवरांसाठी हीच ‘वैद्य मेट्रिक’ वापरतात. पुढे करमरकरांसोबत नारळीकरांनी वक्रतेची १४ अविकारी मापं मांडली. म्हणजे असे आकडे, जे आपण अक्ष कसेही निवडले तरी बदलत नाहीत. गुरुत्व खरं आहे की नुसता गणिताचा भास, हे अशा आकड्यांवरून ओळखता येतं.

१९६० मध्ये त्यांनी बनारस सोडलं आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद घेतलं. मला याची जरा चुटपुट लागते. कारण तीनच वर्षांत केरने फिरत्या कृष्णविवराचं उत्तर काढलं, क्वासार सापडले आणि हा विषय एकदम पेटला. नंतर ते पुणे विद्यापीठात शिकवायला आले खरे.

१९९१ मध्ये ते गेले. तोवर लहरींचा पुरावा अप्रत्यक्षच होता, एका जोडताऱ्याची कक्षा आकसत होती तेवढाच. थेट लहर पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ ला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं मिसळली होती. अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धती घडवण्यात संजीव धुरंधर आणि त्यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. ते काम झालं पुण्याच्या आयुकात, म्हणजे विष्णुपंतांच्या मुलाने उभ्या केलेल्या संस्थेत.