बांधबंदिस्तीचा खर्च कुणी करायचा? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच उत्तर दिलं होतं!

महात्मा फुले म्हटलं की मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज आठवतो. पण जोतीराव स्वतः शेतकरी आणि बांधकाम कंत्राटदारही होते, हे किती जणांना माहीत आहे?

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांच्या घरी फुलं-भाजीपाल्याचा व्यवसाय होता. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. खडकवासला धरणाच्या कामाची कंत्राटं घेतली आणि मांजरीजवळ कालव्याच्या पाण्यावर शेती केली. त्यामुळे माती, पाणी आणि पैसा या तिन्हींचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

१८७५ मध्ये पुणे आणि नगर भागातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. या पार्श्वभूमीवर १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला.

त्यातलं निरीक्षण आजही थक्क करतं. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचं शेण पावसाबरोबर वाहत शेतात यायचं. हे फुकटचं खत होतं. जंगल खात्याने गायरानं ताब्यात घेतली, जनावरं घटली आणि जमिनीचा कस गेला.

मग उपाय काय? सैन्य आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजागी ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी शेतात मुरेल. तलावांतला गाळ शेतकऱ्यांना द्या. गायरानं परत करा. आणि पैसा? तो सरकारी अधिकाऱ्यांच्या भरमसाट पगार-पेन्शनला कात्री लावून वाचवा.

गंमत म्हणजे, त्याच १८८३ मध्ये इंग्रज सरकारने जमीन सुधारणेसाठी कर्ज देणारा कायदा केला. म्हणजे बांध-विहिरीसाठी पैसे मिळणार, पण ते फेडायचे शेतकऱ्यानेच. जमीन सुधारायला काही वर्षं लागतात, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच बांधबंदिस्ती हे सरकारने करायचं काम आहे, हा फुल्यांचा विचार महत्त्वाचा ठरतो.

आता बुलढाणा जिल्ह्यात या. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावांत शेती मुख्यतः पावसावरच चालते. याच जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव आणि नाल्यांतून माती-मुरूम काढला गेला. रस्त्याला भराव मिळाला आणि तलाव आपोआप खोल झाले. हाच तो 'बुलढाणा पॅटर्न'! २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतही धरणातला गाळ शेतात नेण्याचीच कल्पना होती. मात्र सुरुवातीला गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून जायचा.

१८८८ मध्ये ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं. आज सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीकडे वळा, असं सगळेच सांगतात. पण वळताना पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटलं, तर तो तोटा कुणी सोसायचा? फुल्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.