नाताळला घरपण देणारे चार्ल्स डिकन्स

डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की ख्रिस्ती घरांत नाताळची लगबग वाढते. दाराला हिरव्या पानांचे तोरण लागते, केक भाजला जातो आणि दूरगावी असलेली मुले परततात. नाताळच्या या घरगुती रूपाला जगभर लोकप्रियता मिळवून देण्यात एका छोट्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. 'ए ख्रिसमस कॅरल' हे ते पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक चार्ल्स डिकन्स तेव्हा ३१ वर्षांचे होते. एका जेवणाच्या टेबलाभोवती सारे कुटुंब जमावे, याचे मोल त्यांनी फार लहानपणी ओळखले होते.

कर्जाने विस्कटलेले घर

डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाला. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. स्वभावाने दिलदार, पण हात सैल. बेकरीवाल्याचे सुमारे ४० पौंड थकले आणि फेब्रुवारी १८२४ मध्ये त्यांची रवानगी लंडनमधील मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात झाली. आई आणि धाकटी भावंडेही तेथेच राहावयास गेली.

१२ वर्षांचे चार्ल्स मात्र बाहेर एकटे राहिले. थेम्स नदीकाठी बुटांचे काळे पॉलिश तयार करणाऱ्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवण्याचे काम ते करीत. आठवड्याची मजुरी सहा-सात शिलिंग होती. रविवारी तुरुंगात जाऊन आईवडिलांना भेटणे, एवढेच त्यांचे कुटुंबजीवन उरले होते. काही महिन्यांनी वडील सुटले, तरी मुलाने कारखान्यातच राहावे असे आईला वाटत होते. हा सल त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. या दिवसांविषयी ते जाहीरपणे कधी बोलले नाहीत. त्यांच्या निधनानंतर मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातूनच ही हकिकत वाचकांना समजली.

सहा आठवड्यांतील पुस्तक

१८४३ मध्ये खाणी आणि कारखान्यांत राबणाऱ्या बालकांविषयीचा सरकारी अहवाल डिकन्स यांच्या वाचनात आला. त्याच वर्षी लंडनच्या फील्ड लेन भागातील अनाथ व निर्धन मुलांची शाळा त्यांनी पाहिली. अस्वस्थ झालेल्या डिकन्स यांनी प्रथम एक पत्रक काढण्याचे योजले. पुढे तो विचार बाजूला सारून त्यांनी कथा लिहावयास घेतली. रात्री लंडनच्या रस्त्यांवरून मैलोगणती चालत त्यांनी ती मनात जुळवली आणि सुमारे सहा आठवड्यांत पूर्ण केली.

स्क्रूज हा कंजूष सावकार आणि त्याच्याकडे आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणारा कारकून बॉब क्रॅचिट ही कथेतील दोन टोके आहेत. क्रॅचिटच्या घरचे नाताळचे जेवण हा या कथेचा प्राण होय. गरिबाघरी मोठी भट्टी नसल्याने गूज पक्षी बेकरीत भाजून आणला जातो. पुडिंग कापडात बांधून, कपडे उकळण्याच्या हंड्यातच शिजवले जाते. वाढप थोडे असते, पण कोणी तसे बोलून दाखवत नाही. त्या काळी इंग्लंडमधील असंख्य घरांत हेच घडत असल्याने वाचकांना त्यात आपले स्वयंपाकघर दिसले.

पहिल्या ६,००० प्रती नाताळपूर्वीच संपल्या. मात्र सोनेरी कडांची पाने आणि जॉन लीच यांची रंगीत चित्रे यांवर बराच खर्च झाला होता. १,००० पौंडांची अपेक्षा असताना हाती जेमतेम २३० पौंड पडले. पुस्तकाची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांविरुद्धचा खटला डिकन्स जिंकले, पण प्रतिवादींनी दिवाळे काढल्याने सुमारे ७०० पौंडांचा खर्च त्यांनाच सोसावा लागला.

डिकन्स यांच्या घरचा नाताळ

नाताळ हा सण डिकन्स यांनी निर्माण केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यातील बहुतेक प्रथा जुन्याच होत्या. त्यांनी या प्रथांच्या केंद्रस्थानी घर आणणले, तसेच दाराबाहेरच्या गरिबाचे स्मरणही त्याला जोडले.

स्वतःच्या घरीही ते हा सण उत्साहाने साजरा करीत. नाताळच्या आदल्या दिवशी ते मुलांना खेळण्यांच्या दुकानात नेत. ६ जानेवारीला, नाताळच्या बाराव्या रात्री, थोरला मुलगा चार्ली याचा वाढदिवस असे. त्या दिवशी ते मुलांना जादूचे प्रयोग करून दाखवीत. मेमी आणि केटी या मुलींनी त्यांना पोल्का नृत्य शिकवले. आदल्या रात्री पावले विसरल्याची शंका येताच अंथरुणातून उठून त्यांनी थंडीत सराव केला होता.

१८५१ मध्ये वडील आणि तान्ही मुलगी डोरा यांचे काही आठवड्यांच्या अंतराने निधन झाले. त्या वर्षी नाताळनिमित्त लिहिलेल्या लेखात, दिवंगतांच्या आठवणींनाही या दिवशी शेकोटीजवळ जागा असावी, असा विचार त्यांनी मांडला. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांनी 'कॅरल'चे जाहीर वाचन केले. त्यांपैकी एक वाचन त्यांच्या आग्रहाने खास श्रमिकांसाठी, सहा पेनी तिकिटात झाले.

कोलकात्याहून आलेली वार्ता

जगाला कुटुंबाचा सण देणाऱ्या या लेखकाचे स्वतःचे कुटुंब मात्र दुभंगले. १० मुलांच्या संसारानंतर १८५८ मध्ये ते पत्नी कॅथरीन यांच्यापासून विभक्त झाले. थोरला मुलगा आईकडे गेला, इतर मुले वडिलांकडे राहिली.

त्यांचा दुसरा मुलगा वॉल्टर १८५७ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होण्यासाठी भारतात आला होता. आजोबांप्रमाणे तोही कर्जात बुडाला. आजारपणाच्या रजेवर मायदेशी निघालेला असताना ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात त्याचे निधन झाले. तो २२ वर्षांचा होता. ही बातमी इंग्लंडला पोहोचली ती ७ फेब्रुवारीला, डिकन्स यांच्या ५२ व्या वाढदिवशी.

तरीही केंट परगण्यातील गॅड्स हिल येथील त्यांच्या घरी नाताळ साजरा होत राहिला. १८६६ मध्ये त्यांनी घरामागच्या शेतात गावकऱ्यांसाठी धावण्याच्या शर्यती भरवल्या. १५ मार्च १८७० रोजी लंडनमध्ये झालेल्या अखेरच्या जाहीर वाचनासाठीही त्यांनी 'कॅरल'चीच निवड केली. ९ जून १८७० रोजी त्यांचे निधन झाले.

कोलकात्याचा पार्क स्ट्रीट दरवर्षी नाताळात रोषणाईने उजळतो. याच रस्त्यावरील जुन्या दफनभूमीत वॉल्टरची समाधिशिला आहे.