विश्लेषण : रोमला घाम फोडणारा हॅनिबल अखेर हरला कसा?
प्राचीन रोमच्या लढायांवरचे बोर्डगेम खेळणाऱ्यांना कॅनीची लढाई हमखास माहीत असते. ती जिंकणारा हॅनिबल कोण होता?

इ.स.पू. २४७ मध्ये कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, त्याचा जन्म झाला. इ.स.पू. २१८ मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडून तो इटलीत उतरला. दोन वर्षांनी कॅनी येथे त्याच्यापेक्षा मोठे रोमन सैन्य समोर होते. त्याने मधली फळी मागे सरकू दिली. रोमन आत घुसले, तेव्हा पायदळाने दोन्ही बाजूंनी आणि घोडदळाने मागून त्यांना कोंडले. हजारो सैनिक मारले गेले.

तरीही रोमने तह केला नाही, नवे सैन्य उभारले. इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे रोमन सेनापती स्किपिओने हत्ती निघून जावेत म्हणून रांगांमध्ये वाटा ठेवल्या. पूर्वी कार्थेजकडून लढलेला नुमिडियाचा मासिनिसा आता रोमच्या बाजूने होता. रोमन आणि त्याच्या घोडेस्वारांनी मागून हल्ला केला. कॅनीचाच डाव हॅनिबलवर उलटला.

पुढे त्याला कार्थेज सोडावे लागले. रोमच्या हाती पडू नये म्हणून इ.स.पू. १८३ च्या सुमारास आजच्या तुर्कीत त्याने विष घेतले. पटावर झामा हरलेला खेळाडू सोंगट्या पुन्हा मांडतो. हॅनिबलला ती संधी मिळाली नाही.